‘वीकनेस’ म्हणजे नेमकं काय? कोविडनंतरच्या लुळेपणाचं एक प्रकरण

हे प्रकरण २०२१ च्या एप्रिल-मेमधलं, तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराचं. गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत, आजाराचा क्रम मात्र आहे तसाच ठेवलाय. रुग्णाला इथे आप्पा म्हटलंय. मुलगा त्यांना आप्पा म्हणायचा, पुढे वॉर्डातले सगळेच म्हणायला लागले. मी सांगलीत प्रॅक्टिस करणारा फिजिशियन, मेंदूविकारतज्ज्ञ नव्हे. यातली पहिली चूक माझी होती.

पार्श्वभूमी

आप्पांचं वय ५२, वजन ६० किलो. साखर नाही, बीपी नाही, तंबाखू होती. ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस १ एप्रिलपासून खुली झाली होती, पण बेदाण्याचं काम उरकल्यावर घेऊ म्हणून त्यांनी ती पुढे ढकलली होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ताप आला. आरटीपीसीआर पॉझिटिव्ह. घरात सून गरोदर, म्हणून आप्पा मळ्यातल्या खोलीत एकटे राहिले. ताप पाच दिवस होता, ऑक्सिजन एकदाही ९५ च्या खाली गेला नाही. चौथ्या दिवशी त्यांना वेगळीच शंका आली. शेडवर बेदाण्याला गंधकाची धुरी चालू होती, गडी खोकत बाहेर पळत होते आणि यांना वासच येईना. नाकाच्या आतल्या छतावर वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर एसीई२ हे ग्राहक-प्रथिन असतं आणि कोरोनाचा विषाणू त्यालाच चिकटतो. आधारपेशी मेल्या की चेतापेशींचं काम ठप्प होतं. म्हणूनच बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. तो खुद्द चेतापेशींवरचा घाव असता तर इतक्या लवकर आला नसता. आप्पांचाही दहाव्या दिवसापर्यंत थोडा थोडा यायला लागला होता.

गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. ऑक्सिजन लागत नसलेल्या रुग्णाला त्यांचा फायदा नाही, हे २०२० च्या जूनमध्येच ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीतून कळलं होतं. पण त्या एप्रिलमध्ये सगळेच घाबरलेले होते आणि गोळ्या मेडिकलमध्ये सहज मिळत होत्या. त्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. दोष देण्याइतका मी स्वतः स्वच्छ नाही.

ताप येऊन पंधरा दिवस झाले. आप्पा बरे झाले असं सगळ्यांनी धरून चाललं. बागेत खरड छाटणी सुरू होती.

पहिले तीन दिवस

इथून पुढे दिवस मोजतोय ते लुळेपणाच्या पहिल्या लक्षणापासून.

पहिल्या दिवशी तळपायाला मुंग्या आणि कमरेत ठणका. गावात सलाईन लागलं, त्यात पिवळं बी-कॉम्प्लेक्स. आमच्याकडे सलाईन लागलं की निम्मा आजार गेला असं धरतात. संध्याकाळी बरंही वाटलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी छाटणीची कात्री दाबेना. ज्या माणसाने तीस वर्षं रोज शेकडो काड्या कापल्या, त्याला पेन्सिलीएवढी काडी कापायला दोन्ही हात लावावे लागले. मुलाने मला व्हिडिओ कॉल लावला. त्या दिवसांत माझी निम्मी ओपीडी मोबाईलवर होती, त्यांचा कॉल त्या दिवशीचा तिसाव्याच्या पुढचा असेल. संभाषण मला जवळजवळ शब्दशः आठवतं.

“लय वीकनेस आलाय बघा डॉक्टर.”

“ऑक्सिजन किती दाखवतोय?”

“अठ्ठ्याण्णव.”

“ताप, खोकला, धाप?”

“काय न्हाई. नुसता वीकनेस. हातात जीवच न्हाई.”

कोविडनंतरचा अशक्तपणा आहे, आठ-पंधरा दिवस राहणार, अंडी-डाळ खा, विश्रांती घ्या, असं मी सांगितलं आणि पुढचा कॉल घेतला.

या प्रकरणातला पहिला निर्णय इथे झाला, आणि आपण काही ठरवतोय याचं मला भानही नव्हतं. आपल्या बोलण्यात ‘वीकनेस’ आणि ‘अशक्तपणा’ हे शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक म्हणजे थकवा: काम होतं, पण लवकर दम जातो, पडून राहावंसं वाटतं. दुसरी म्हणजे स्नायूची ताकद जाणं: माणूस ताजातवाना असला तरी हात वर जात नाही. पहिली तक्रार त्या महिन्यात मी दिवसातून वीस वेळा ऐकत होतो, त्यामुळे दुसरीही मला तशीच ऐकू आली. खरं तर आप्पांनी पुढचं वाक्यही दिलं होतं, ‘हातात जीवच न्हाई’. दमलेला माणूस अंगात जीव नाही म्हणतो. हे नेमकं हातात म्हणाले होते. कात्रीचं त्यांनी त्या कॉलवर सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्या आणि खाली बसल्यावर उठता येईना. मुलाने ऑक्सिमीटर लावला. पुन्हा ९८. तो आकडा बघून घर पुन्हा निवांत झालं.

हातोडी

चौथ्या दिवशी सकाळी मुलगा त्यांना जीपमध्ये घालून सांगलीला घेऊन आला. दवाखान्याच्या तीन पायऱ्या आहेत. दोघांनी काखेत धरून चढवलं तेव्हा पायताण पायातून निसटून पहिल्या पायरीवरच राहिलं आणि आप्पांना ते कळलं नाही. ते मी खिडकीतून पाहिलं आणि तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

गुडघ्यावर मारायची रबरी हातोडी टेबलाच्या तळच्या खणात, हातमोज्यांच्या खोक्याखाली सापडली. दोन-अडीच महिने कोणाच्याच गुडघ्यावर ती मारलेली नव्हती. पीपीई किट घालून छातीला स्टेथोस्कोप लावणं अवघड असायचं, हातोडीचं नाव कोण काढतो. आप्पांच्या दोन्ही गुडघ्यांवर, दोन्ही घोट्यांमागे, कोपरावर, मनगटावर मारून पाहिली. कुठेच काही हललं नाही. एकदा तर हातोडी बरोबर लागत नाही की काय म्हणून मी स्वतःच्या गुडघ्यावर मारून बघितली.

पाय गादीवरून जेमतेम उचलत होते, घोटा वर ओढता येत नव्हता. हाताची पकड निम्म्यावर आली होती. डोळे घट्ट मिटायला सांगितले तर पापण्यांची कड दोन्हीकडे दिसत राहिली. लघवीची तक्रार नव्हती. एका दमात आकडे मोजायला सांगितले, ३४ पर्यंत गेले. धडधाकट माणूस साधारण पन्नासच्या आसपास जातो.

पायांकडून वर चढणारी, दोन्ही बाजूंना सारखी असलेली, रिफ्लेक्स (हातोडी लागल्यावर आपोआप बसणारा झटका) नाहीसे करणारी आणि दिवसांत वाढणारी ताकदहानी म्हणजे गिलाँ-बारे सिंड्रोम, जीबीएस, असं समजून चालायचं असतं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. गिलाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, दोन सैनिकांमध्ये त्याचं वर्णन केलं. आपल्याकडे हे नाव घरोघरी पोचलं ते २०२५ च्या जानेवारीत, पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात रुग्ण वाढले तेव्हा. २०२१ मध्ये आप्पांच्या मुलाला मला ते दोनदा सांगावं लागलं.

तिसऱ्यांदा मी वेगळ्या पद्धतीने सांगितलं. “विहिरीवरची मोटार चांगली आहे, स्टार्टरही चांगला आहे. मधल्या वायरीचं प्लास्टिक सोललंय, म्हणून करंट पोचत नाही.” त्याने लगेच विचारलं, “उंदरानं खाल्लं का?” प्रश्न बिनतोड होता. उंदीर म्हणजे आप्पांचीच रोगप्रतिकारशक्ती. विषाणूशी लढायला तयार झालेली फौज चुकून स्वतःच्या नसांच्या आवरणावर, मायलिनवर, तुटून पडते.

आणखी काय असू शकलं असतं

मुलाचा पहिला संशय औषधफवारणीवर होता, आणि तासगाव भागात तो कोणीही घेईल. काही कीटकनाशकांच्या जोरदार विषबाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनी पायांच्या नसा निकामी होऊ शकतात. पण त्याआधी विषबाधेचा मोठा झटका येऊन गेलेला असतो: लाळ, घाम, उलट्या, बाहुल्या टाचणीएवढ्या. आप्पा आजारपणात फवाऱ्याच्या जवळही गेले नव्हते.

रक्तातलं पोटॅशियम घसरलं तरी माणूस एका रात्रीत लुळा पडतो आणि ते दुरुस्त करणं सोपं असतं, म्हणून ती चाचणी आधी पाठवली. तासाभरात ३.९ आलं, म्हणजे व्यवस्थित. स्टेरॉइडमुळे स्नायू दुबळे होतात, पण पाच दिवसांच्या गोळ्यांनी असं होत नाही आणि त्यात रिफ्लेक्स शाबूत असतात. मणक्यातल्या मज्जारज्जूला सूज हा गंभीर पर्याय होता. तिथे मात्र लघवी अडते, छाती-पोटावर एका ठरावीक रेषेखाली संवेदना जाते आणि चेहऱ्याला काही होत नाही. इथे चेहराच धरला होता. एमआरआयसाठी त्या दिवशी चार तासांची रांग होती. तो न करता थेट मिरजेला पाठवायचं मी ठरवलं. तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नंतर हेच बरोबर ठरवलं. माझा तेवढा एक निर्णय तरी वेळेवर झाला म्हणायचा.

मिरजेत: कोविड की बिगरकोविड?

सांगली ते मिरज अंतर दहा किलोमीटरच्या आत. आप्पांना आयसीयूचा बेड मिळायला साडेसात तास लागले.

पहिल्या रुग्णालयात आरटीपीसीआर पुन्हा मागितली. ती पॉझिटिव्ह आली तर कोविड आयसीयूत जावं लागणार, तिथे जागा नाही. निगेटिव्ह येईपर्यंत बिगरकोविड आयसीयूत घेणार नाहीत. रिपोर्टला चोवीस तास. विषाणूचे मेलेले तुकडे नाकात कित्येक आठवडे सापडतात, संसर्ग पसरवण्याची क्षमता मात्र सौम्य आजारात साधारण दहा दिवसांत संपते. केंद्राच्या डिस्चार्ज धोरणात सौम्य रुग्णाला दहा दिवसांनी चाचणी न करता सोडा, असं २०२० च्या मे महिन्यापासूनच होतं. आप्पांना ताप येऊन एकोणीस दिवस झाले होते. हे मी फोनवर तीन वेगवेगळ्या लोकांना समजावलं. तिघांनाही पटलं आणि तिघांनीही निर्णय वरच्याकडे ढकलला.

शेवटी दुसऱ्या एका रुग्णालयातल्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी आयसीयूच्या कोपऱ्यातला, दाराजवळचा बेड स्वतःच्या जबाबदारीवर दिला. म्हणाल्या, “चाचणी पाठवा, पण मी तिच्यासाठी थांबणार नाही.” दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला तो पॉझिटिव्ह. बेड हलवला नाही, कर्मचाऱ्यांनी एन-९५ मास्क लावून काम केलं.

पाचव्या दिवशी पाठीतून पाणी काढलं. त्यात पेशी दोनच, प्रथिन ६२. नेहमी ४५ पर्यंत असतं. पेशी न वाढता प्रथिन वाढणं ही जीबीएसची जुनी खूण, पण पहिल्या आठवड्यात ते पुष्कळदा नॉर्मलच येतं, म्हणून या तपासणीच्या भरवशावर उपचार अडवून ठेवायचे नसतात. त्या पाण्यात कोरोना विषाणू सापडला नाही. कोविडनंतरच्या जीबीएसमध्ये तो सहसा सापडतच नाही. नसांच्या विद्युत तपासणीत करंटचा वेग मंदावलेला होता, म्हणजे मार आवरणावर होता आणि आतली तार बहुतांशी शाबूत होती. बातमी चांगली होती. आवरण आठवड्या-महिन्यांत पुन्हा चढतं. तार तुटली तर ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते.

दोन उपचार, एक निवड

जीबीएसवर उपयोगी ठरलेले उपचार दोनच. एक, आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली प्रतिपिंडं शिरेतून देणं. दुसरा प्लाझ्मा एक्स्चेंज: रुग्णाचाच प्लाझ्मा चार-पाच बैठकांत काढून टाकून त्याजागी अल्ब्युमिन किंवा ताजा प्लाझ्मा भरणं. दोन्हींचा गुण सारखा. एकामागून एक दोन्ही दिल्याने जास्त फायदा होत नाही. कोविडमध्ये सगळ्यांच्या तोंडी बसलेलं स्टेरॉइड इथे चालत नाही. एक चुलतभाऊ रोज सकाळी येऊन ‘स्टेरॉइड का देत नाही’ विचारायचे, त्यांना रोज तेच उत्तर मिळायचं.

मग निवड कशावर करायची? पैशाचा विचार केला तर प्लाझ्मा एक्स्चेंज निम्म्याहून कमी खर्चात झालं असतं. आयव्हीआयजीचा डोस किलोमागे २ ग्रॅम, पाच दिवसांत वाटून. साठ किलोला १२० ग्रॅम, पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या, अडीच-तीन लाखांच्या घरात. आप्पांचा बेदाणा कोल्ड स्टोरेजला पडून होता आणि निर्बंधांमुळे तासगावच्या सौद्यांचा नेम नव्हता. मुलगा मिळेल त्या भावाने माल काढायला निघाला होता. बाईंनी त्याला अर्धा तास बसवून दोन्ही बाजू सांगितल्या. डॉक्टर असं करतात असं मी क्वचित पाहिलंय.

अखेर पारडं झुकवलं आप्पांच्या रक्तदाबाने. पाचव्या दिवशी दुपारी तो १८० वर होता आणि कूस बदलताना ९० वर आला. आपोआप चालणारी यंत्रणा, म्हणजे हृदयाचे ठोके, रक्तदाब, आतडी सांभाळणाऱ्या नसा, यांनाही जीबीएस धरतो. अशा वेळी शरीरातून लिटर-लिटर प्लाझ्मा बाहेर काढणं धोक्याचं. शिवाय प्लाझ्मा एक्स्चेंजच्या मशीनवरचा तंत्रज्ञ स्वतःच पॉझिटिव्ह होऊन घरी होता. आयव्हीआयजी ठरलं. मुलाने घरच्यांचं सोनं तारण ठेवून पैसे उभे केले, बेदाणा विकला नाही.

पण बाटल्या कुठे होत्या? सांगली-मिरजेत मिळून १४ निघाल्या. पूर्ण कोर्स हातात नसताना सुरुवात करावी का, की सगळा साठा जमेपर्यंत थांबावं? मी थांबा म्हणत होतो, अर्धवट डोसची मला भीती होती. बाईंनी ऐकलं नाही. १४ बाटल्यांत जवळपास तीन दिवस निघतात, तोवर उरलेल्या मिळतील, आणि नाही मिळाल्या तरी आज दिलेलं औषध परवाच्या औषधापेक्षा मोलाचं आहे. बाईंचंच बरोबर होतं. मुलगा ई-पास काढून आधी कोल्हापूरला, मग पुण्याला गेला आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून दहा बाटल्या घेऊन आला. शेवटच्या चार बाटल्या पोचल्या तेव्हा तिसऱ्या दिवसाचा डोस चालू होता.

जोडीला रक्त पातळ ठेवण्याचं इंजेक्शन रोज होतं. कोविडमध्ये गुठळ्या होतात, आयव्हीआयजीनेही होऊ शकतात, आणि हा माणूस पाय न हलवता पडून.

श्वासाची मोजणी

या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण इथेच घरचे आणि आमचे काही कनिष्ठ डॉक्टरही फसत होते.

सहाव्या दिवशी दुपारी ऑक्सिमीटर ९७ दाखवत होता. वर्षभर आपण सगळ्यांनी त्या छोट्या चिमट्याला देव मानलं होतं. कोविडमध्ये ते बरोबरच होतं, कारण तिथे फुफ्फुस बिघडतं आणि रक्तातला ऑक्सिजन लवकर घसरतो. जीबीएसमध्ये फुफ्फुस ठणठणीत असतं. बिघडतो तो भाता हलवणारा हात. छाती आणि पोटामधला पडद्याचा स्नायू थकत जातो, श्वास उथळ होतो, खोकला पोकळ होतो आणि ऑक्सिजन अगदी शेवटी, एकदम कोसळतो. ९७ हा आकडा खरा होता, पण आमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

फुंकर मारून मोजायचं यंत्र तुषार उडतात म्हणून बंद ठेवलेलं. राहिली एका दमातली मोजणी. दर चार तासांनी तीच सिस्टर, त्याच वेगाने, मराठीतच. ‘एकोणतीस’ म्हणायला ‘तीस’पेक्षा जास्त वारा लागतो, त्यामुळे भाषा आणि वेग बदलला की आकडे जुळत नाहीत. चौथ्या दिवशी ३४, पाचव्या दिवशी संध्याकाळी २२, सहाव्या दिवशी दुपारी १५. संध्याकाळी ‘बारा’ म्हणून आप्पा थांबले आणि ओठ हलवत राहिले. उशीवरून डोकं उचलता येत नव्हतं. मान उचलणारे स्नायू आणि पडद्याचा स्नायू बहुधा बरोबरीने जातात.

आयसीयूत एकच व्हेंटिलेटर मोकळा होता आणि खाली कॅज्युअल्टीत ऑक्सिजन ७० असलेली एक बाई वाट पाहत होती. आप्पांना आत्ता नळी घालायची की रात्रभर वाट बघायची? ९७ वाल्या माणसाला व्हेंटिलेटर देताना समोर ७० वाली दिसत असते. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी भूलतज्ज्ञांना बोलावून विचारलं, रात्री दोन वाजता हे कोसळले तर काय? घाईत नळी घालताना रक्तदाबाच्या या झोक्यांत हृदय थांबू शकतं. संध्याकाळी सात वाजता, शांतपणे, आप्पांना समजावून नळी घातली. खालच्या बाईसाठी दुसऱ्या रुग्णालयातून मशीन मागवलं, ते दीड तासात आलं. ते आलं नसतं तर हा परिच्छेद मी कसा लिहिला असता, मला सांगता येत नाही.

जीबीएसच्या साधारण चार-पाच रुग्णांत एकाला व्हेंटिलेटर लागतो. आप्पांना बारा दिवस लागला. शुद्धीत असूनही त्यांना बोलता येत नव्हतं, हात हलत नव्हते आणि चेहऱ्याचे स्नायू गेल्यामुळे भावही दिसत नव्हते. भेटीला बंदी. पहिले चार दिवस आम्ही त्यांच्याशी बोलण्याची काहीच सोय केली नाही. नळीच्या पाचव्या दिवशी एका फिजिओथेरपिस्ट मुलीच्या लक्षात आलं की नजर खाली-वर होते. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. तिने पहिला प्रश्न विचारला, दुखतंय का. नजर वर गेली आणि तिथेच राहिली. कमरेत आणि मांड्यांत आगीसारखं दुखत होतं, चार दिवस. जीबीएसमध्ये वेदना असतात हे पुस्तकात आहे, मला माहीत होतं. त्यांना वेदनेचं औषध त्या दिवशी सुरू झालं.

पापण्या मिटत नसल्याने रात्री डोळ्यांत मलम आणि वर कागदी पट्टी. ती पट्टी एका रात्री राहिली, तर दुसऱ्या दिवशी डावा डोळा लाल. छोटी गोष्ट, पण बुबुळाला जखम झाली असती तर आयुष्यभराची.

पुढचे महिने

अठराव्या दिवशी नळी निघाली. पहिला शब्द ‘पानी’. एकतिसाव्या दिवशी आप्पा व्हीलचेअरवरून घरी गेले, तळपाय लोंबू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पट्ट्या बांधून. जुलैच्या शेवटी तपासणीची तारीख होती, पण कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेलं आणि सांगलीत यायचे रस्ते बंद झाले. घरच्या घरी व्यायाम फिजिओथेरपिस्टने व्हिडिओवरून चालू ठेवले. व्हिडिओ कॉलचा इथे चांगला उपयोग झाला हे नोंदवायला हवं, नाहीतर माझा त्याच्यावर राग आहे असं वाटेल.

ऑगस्टमध्ये वॉकर, सप्टेंबरमध्ये काठी. जीबीएसचे बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आपल्या पायांनी चालू लागतात, आप्पाही त्यातलेच. ऑक्टोबर छाटणीला ते बागेत खुर्ची टाकून बसले आणि गड्यांच्या चुका काढत राहिले. कात्री दाबता येत नव्हती.

त्यांनी लसीचं विचारलं तेव्हा पुन्हा एक निर्णय आला. पूर्वी जीबीएस झालेल्याला कोविडची लस वर्ज्य नाही. पण अ‍ॅडेनोव्हायरसवर आधारलेल्या लसींनंतर जीबीएसचे अतिदुर्मीळ रुग्ण दिसल्याची सूचना युरोपच्या औषध नियामकांनी त्याच वर्षी जोडली होती, आणि कोविशिल्ड त्याच पठडीतली. आजार होऊन सहा महिने उलटल्यावर मृत विषाणूपासून बनवलेली कोव्हॅक्सिन घ्या, असं आम्ही सुचवलं. लस न घेता पुन्हा कोविड ओढवून घेणं आम्हाला जास्त जोखमीचं वाटलं. दोन्ही डोस झाले, त्रास झाला नाही.

कोविडनेच झालं का?

मुलगा आजही विचारतो. कोविड आणि लुळेपणात दोन आठवड्यांचं अंतर, मधे जुलाब नाहीत, दुसरा संसर्ग नाही, लस नाही. चित्र जुळतं. इटलीच्या उत्तर भागातल्या अशाच पाच रुग्णांचं वर्णन २०२० च्या एप्रिलमध्येच छापून आलं होतं. कॅम्पिलोबॅक्टर या जुलाबाच्या जंतूबाबत यंत्रणा उलगडलेली आहे: त्याच्या कवचावरचे रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात आणि प्रतिपिंडं चकतात. कोरोनाच्या बाबतीत असा साम्य दाखवणारा रेणू ठामपणे हाती लागलेला नाही. लोकसंख्येवरच्या अभ्यासांतही मेळ नाही. ब्रिटनमधल्या २०२० च्या पाहणीत पहिल्या लाटेत जीबीएस वाढलेला दिसला नाही, इस्राएलमधल्या २०२३ च्या अभ्यासात मात्र संसर्गानंतरच्या सहा आठवड्यांत शक्यता कित्येक पटींनी जास्त आढळली.

कोरोना कुळातल्या विषाणूचा मायलिनशी संबंध मात्र नवा नाही. उंदरांना होणारा एक कोरोनाविषाणू १९४९ पासून प्रयोगशाळांत माहीत आहे आणि मेंदू आणि मज्जारज्जूतलं मायलिन कसं झडतं हे शिकायला संशोधक दशकानुदशकं तोच वापरत आलेत. मी हे मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हंजे उंदीर निघालाच की!”

आज तोच कॉल आला तर

दिवस दुसरा ते दिवस चौथा, हे दोन दिवस माझ्या खात्यावर आहेत. ते वाचले असते तर व्हेंटिलेटर टळला असता का? कदाचित नाही, उपचार सुरू झाल्यावरही आजार काही दिवस वाढतच राहतो. पण बेडची शोधाशोध दिवसाउजेडी, चालत्या माणसासाठी झाली असती.

आता कोणी ‘वीकनेस’ म्हणालं की मी पुढचा प्रश्न विचारतो: दमताय, की उचलतच नाही? काय काय होईना झालंय ते कामाच्या नावानिशी सांगा. कात्री, कुकरचं झाकण, स्कूटरची किक. मग फोन भिंतीला टेकवून ठेवायला लावतो, मांडी घालून बसवतो, हात न टेकता उठायला सांगतो, टाचांवर चार पावलं चालवतो आणि एका दमात मोजायला लावतो. दीड मिनिट लागतं. हातोडी टेबलावर, पेनांच्या भांड्यात उभी असते. पेशंटची पोरं ती घेऊन खेळतात.

आयसीयूतल्या चार दिवसांच्या वेदनेचं काय करायचं ते मात्र मला अजून सुचलेलं नाही. हो-नाहीची नजर पहिल्या दिवसापासून ठरवून ठेवायला खर्च शून्य होता.

आप्पांनी २०२२ च्या एप्रिलमध्ये खरड छाटणीला कात्री धरली, रोज तासभर. तळपायाला अजून बधिरपणा आहे. बागेच्या ओळीत पायताण मागे राहतं आणि सून हाक मारते तेव्हा कळतं. गुडघ्याचे रिफ्लेक्स परत आलेत, घोट्याचे नाहीत. तपासायला येतात तेव्हा मी हातोडी उचलायच्या आत पाय पुढे करतात आणि विचारतात, “बघा, आलंय का?”